गडदे सरांची पाठमोरी खुर्ची

गडदे सर कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले की सगळ्यात आधी खुर्ची उलटी फिरवून कॉम्प्युटरकडे पाठ करून बसत. तोंड हायवेकडे, पाठ स्क्रीनकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग म्हणत, "हं. वाच." आपण स्क्रीनवरचं वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस कशावरून तरी रुसलाय. दुसऱ्यांदा वाटलं, मास्तरकी अंगात मुरली आहे, पोरांकडून धडा वाचून घ्यायची सवय अजून सुटलेली नाही. तिसऱ्यांदा मी विचार करणंच सोडून दिलं, कारण कॉम्प्युटर दुरुस्त झाला होता.

वडीगोद्रीत हायवेला लागून आमचा एक गाळा आहे. एका बाजूला टायर पंक्चरचं दुकान, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरचे सुटे भाग, आणि मध्ये मी. माझं माहेर जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी या घरात सून म्हणून आले आणि तीन वर्षांनी या गाळ्यात घरांचे नकाशे काढायचं ऑफिस टाकलं. आमच्याकडे घर बांधणाऱ्याला आता नुसता नकाशा चालत नाही, त्याला 'थ्रीडी' लागते. म्हणजे अजून न बांधलेल्या घराचं रंगीत चित्र. त्यात दारात गाडी, गच्चीवर झाडं आणि वर असं निळं आकाश, जे जालना जिल्ह्यात मी तरी अजून पाहिलेलं नाही. असलं चित्र काढायला कॉम्प्युटरमध्ये ताकदीचं ग्राफिक्स कार्ड हवं, आणि त्या कार्डाकडून काम करून घ्यायला ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम हवा. ड्रायव्हर नसला की महागाचं कार्ड नुसतं डब्यात बसून राहतं, लग्नात रुसलेल्या मामासारखं.

सर माझ्याकडे आले ते माझ्या नवऱ्यामुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी त्याला गणित शिकवलं होतं, आणि पुढे मुदतीच्या पाच वर्षं आधीच निवृत्ती घेतली होती. पहिल्या वर्षी माझ्या कॉम्प्युटरवर सगळं चोरीचं सॉफ्टवेअर होतं, तसं ते सगळ्यांकडेच असतं. एक दिवस त्यातून व्हायरस आला आणि माझे सगळे नकाशे खाऊन गेला. मी डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा नवरा या उंच, काटक, पांढऱ्या शर्टातल्या माणसाला घेऊन आला. सरांनी पुसून टाकलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स बसवलं आणि थ्रीडीचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं. बसवलं म्हणजे बटणं मी दाबली. सर रस्त्याकडे तोंड करून सांगत राहिले.

लिनक्स त्यांना कसं भेटलं तेही सांगते. शाळेत सरकारी कॉम्प्युटर आले होते आणि त्यात हेच होतं. बाकीच्या मास्तरांनी एकदा उघडून पाहिलं, ओळखीचं काही दिसेना म्हणून वरून फुलाफुलाचं कापड टाकलं आणि दर दसऱ्याला पूजा केली. सरांनी कापड काढलं. घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेली, घरात शाळा शिकलेला हा पहिला माणूस. वडील शेवटपर्यंत कळप घेऊन गोदावरीच्या काठाने फिरले. सरांचं सगळं कॉम्प्युटरशास्त्र त्या कळपातून आलेलं होतं आणि हे सांगायला ते अजिबात लाजत नसत.

"मेंढराला तोंड हाय, पण कुठं दुखून राह्यलंय ते सांगता येत न्हाई त्याला," सर म्हणायचे. "माझा बाप दिवसभर त्याच्यामागं फिरून वळखायचा. हे मशीन बिचारं सोताहून लिहून देतं, मला इथं दुखतंय म्हणून. आन् तुम्ही लोक वाचत न्हाईत."

मी वाचत नसे हे खरं आहे. मी समजून घेत असे, आणि मला समजतं याचा मला फार अभिमान होता. स्क्रीनवर चाळीस ओळी आल्या की मी पहिल्या दोन वाचायची, शेवटच्या दोन वाचायची आणि सरांना सारांश सांगायची, "सर, ड्रायव्हर सापडत न्हाई म्हणतोय." सर तिकडे तोंड करूनच हात वर करायचे. "तो काय म्हणतोय ते तू नको सांगू. काय समजलं ते सांगू नको. काय लिव्हलंय ते वाच." मग मी चरफडत इंग्रजी ओळी वाचायची. मध्येच ते सांगायचे, "कांद्याचा ट्रक गेला, रिकामा हाय." मी बाहेर बघायची तर खरंच रिकामा ट्रक. मला वाटायचं, माझं वाचन ऐकायचं सोडून हा माणूस ट्रक मोजत बसलाय.

त्यांचा दुसरा नियम याहून छळणारा होता. एका वेळी एकच बदल. एक गोष्ट बदलायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, काय झालं ते दोनशे पानी वहीत लिहायचं आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. वहीत लिहायचं तेही मीच. सरांनी स्वतः कधी पेन उचललं नाही. तीस वर्षं फळा खरडून हात दमला असेल, असं मी धरून चालले होते. घाई केली की ऐकायला मिळायचं, "बाप आजारी मेंढराला एका दिवशी एकच पाला द्यायचा. दोन दिले आन् बरं झालं, तर कशानं झालं? मेलं, तर कशानं मेलं?" मला जास्तच राग यायचा.

एका वर्षी नवरात्राच्या आधी माझी खरी परीक्षा होती. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की दिवाळीच्या पाडव्याला गाळ्यात दिराचं खताचं दुकान सुरू होईल. "वैशालीचं काम घरी बसून बी होतं," असं ते म्हणाले. घरी बसून काय होतं ते मला माहीत होतं. भाकरी होतात, आणि नकाशे राहून जातात. मामा वाईट माणूस नव्हेत. त्यांना फक्त कॉम्प्युटरसमोर बसलेलं माणूस काम करतंय असं वाटत नसे. पण त्यांनीच एक फट ठेवली होती. "शहागडच्या शेठचं घर तुझ्याकडं आलं तर मंग बघू," म्हणाले.

शेठ म्हणजे पारसमलजी, शहागडचे कापडवाले. आजोबा राजस्थानातून आले होते, आता शेठ आमच्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलतात. खाली दुकान, वर तीन भावांची घरं, असं मोठं बांधकाम काढायचं होतं आणि दसऱ्याला भूमिपूजन ठरलं होतं. त्यांनी मला एक शुक्रवार दिला. "जालन्याहून दोन्ही भाऊ येतील, आई येईल. सगळ्यांनी थ्रीडी पाहिली, पसंत पडली, तर काम तुमचं. नाही तर शहरातला आर्किटेक्ट तयारच आहे," असं अगदी गोड आवाजात सांगून गेले.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मी गाळा उघडला. गाळा सोडताना मेन स्विच बंद करायचा हा मामांचा नियम, त्याप्रमाणे मी आदल्या संध्याकाळी तो बंद केला होता, तो चालू केला. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. एक काळी पाटी आली, एफ-वन दाबा म्हणाली, मी दाबलं. पुढे स्क्रीन उघडली तर अक्षरं वीटभर मोठी आणि फाटलेली. थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणालं, ग्राफिक्स कार्डच दिसत नाही. शेठच्या घराचं चित्र अर्धं झालेलं होतं आणि हातात चार दिवस होते.

शहाण्या माणसाने आधी सरांना बोलावलं असतं. मी इंटरनेटवर बघून ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, जुना घातला, आणखी कसली तरी फाइल उडवली. संध्याकाळपर्यंत वीटभर अक्षरंही गेली आणि डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ उघडझाप करत राहिली. मंगळवारी सर आले. खुर्ची फिरवली, बसले. मी काय काय केलं ते ऐकून त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, जसा माणूस जनावराच्या पाठीवर ठेवतो.

"पाच पाले दिले एकदम," ते म्हणाले. "बिचारं अजून उभं हाय हे नशीब समज."

मंगळवार आणि बुधवार माझी घाण निस्तरण्यात गेले. एक बदल, एक वेळा बंद-चालू, वहीत एक ओळ. बुधवारी संध्याकाळी आम्ही सोमवारी सकाळी होतो तिथे परत आलो, वीटभर अक्षरांपाशी. सर खूश होते. "आता बराबर मूळच्या दुखण्याशी आलो," म्हणाले. मला रडू येत होतं. गाळ्याबाहेर दीर टेप घेऊन खताच्या गोण्या कुठवर मावतील ते मोजून गेला होता. मोजू दे, असं मनात म्हणत मी कुलूप लावलं, पण टेपचा आवाज कानातून जाईना.

गुरुवारी दुपारी माझा तोल गेला. सर सकाळपासून म्हणत होते, "कायतरी राह्यलंय. तू सगळं वाचून राह्यली न्हाईस." मी म्हणत होते, वाचलंय. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी म्हणाले, "सर, माझं चुकत असंल तर तुम्ही सोताच बघा एकदा." आणि मी रागाने तो मॉनिटर उचलून टेबलावर गर्रकन त्यांच्या बाजूला फिरवला.

सर उठले. मग त्यांनी खुर्ची फिरवली. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला, लावला. पुढे वाकले. बाहेरचं सगळं ऊन काचेवर आलं होतं. एक एक ओळ वाचल्यासारखी मान हलवत राहिले आणि म्हणाले, "हां. बराबर हाय. तू म्हणती तेच लिव्हलंय."

मी वळसा घालून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मॉनिटर फिरवताना मागची वायर निघून आली होती. स्क्रीन कोरी काळी होती. सर तिच्याकडे बघून मान हलवत होते.

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला फार लाज वाटली. उलटी खुर्ची, वहीला न लावलेलं पेन, आवाजावरून ओळखलेले ट्रक, पाच वर्षं आधी घेतलेली निवृत्ती, सगळं एका रांगेत समोर येऊन उभं राहिलं. मी मॉनिटर हळूच परत फिरवला, वायर घातली.

"गप का झाली?" सरांनी विचारलं.

"काही न्हाई सर. वाचते."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

आणि त्या दिवशी मी खरोखर पहिल्यापासून वाचलं. इतके दिवस माझ्या मनात होतं की मी काही सोडलं तरी सरांना अंदाज येईलच, ते जाणते आहेत. आता कळलं की मी सोडलेलं बघणारं या गाळ्यात दुसरं कुणी नाही. मी कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, मेन स्विच बंद करून परत चालू केला, बटण दाबलं आणि काळ्या पाटीपासून सुरुवात केली. पाटीवर चार ओळी होत्या. त्यातल्या दोन ओळींचा अर्थ असा होता की कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डाची जपून ठेवलेली माहिती बिघडली आहे, म्हणून मूळ कारखान्यातल्या सेटिंग लावल्या आहेत, पुढे जायला एफ-वन दाबा.

"थांब," सर म्हणाले. "हे कधीपासून येऊन राह्यलंय?"

"सोमवारपासून."

"आन् ड्रायव्हर कधीपासून गेला?"

मी हळूच म्हणाले, "सोमवारपासून."

"मंग चार दिवस हे वाचलं का न्हाई तू?"

"मला वाटलं, ते नुसतं एफ-वन दाबायचं असतं."

"वाटलं," सर हायवेला उद्देशून म्हणाले. "तिला वाटलं."

पुढच्या चाळीस ओळीही मी सगळ्या वाचल्या, आणि बरोबर मधोमध, जिथे मी कधी गेलेच नव्हते, तिथे लिहिलं होतं की ड्रायव्हरवर ओळखीची सही नाही म्हणून त्याला आत घेतलेलं नाही. सरांनी गुडघ्यावर थाप मारली. गोष्ट इतकीच होती. बोर्डावर मनगटी घड्याळात असतो तसा एक गोल सेल असतो. वीज नसताना बोर्डाच्या सेटिंग तो लक्षात ठेवतो. तो सेल संपला होता. मामांच्या नियमाने रोज मेन स्विच बंद होई, आणि रोज रात्री बोर्ड सगळं विसरे. कार्ड बसवताना सरांनी बिनसहीचे ड्रायव्हर अडवणारी एक सेटिंग बंद करून ठेवली होती. विसराळू बोर्डाने ती परत चालू केली होती. कार्ड ठणठणीत होतं, ड्रायव्हर ठणठणीत होता, दारातला पहारेकरी तेवढा बदलला होता.

मी ताडकन उठले. "सर, घड्याळाच्या दुकानातून सेल आणते, तो टाकू आणि सेटिंगही बदलू."

"एका टायमाला एकच," सर म्हणाले.

मी बसले. सर बोर्डाच्या मेनूतून मला नेऊ लागले, "उजवीकडं तीनदा. आता खाली चार. काय आलं? वाच." तो सगळा मेनू त्यांना पाठ होता. सेटिंग बदलली, कॉम्प्युटर चालू झाला, अक्षरं बारीक आणि देखणी आली, आणि शेठचं अर्धं घर निळ्या आकाशाखाली उभं राहिलं. मी वहीत ओळ लिहिली. मग मी सेल आणला. सेल बदलायला वीज बंद करावी लागली, त्यामुळे बोर्ड पुन्हा सगळं विसरला आणि आम्हाला तीच सेटिंग दुसऱ्यांदा बदलावी लागली. मी सरांकडे बघितलं.

"दोनदा झालं तर काय बिघडलं?" ते म्हणाले. "आता पक्कं कळलं ना, कशानं काय होतं ते. बिलकुल शंका राह्यली न्हाई."

चहा आला. सरांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "मघाशी वायर निघाल्ती का?"

"हो सर."

"मला वाटलंच. पंख्याचा आवाज चालू होता, तुझा बंद पडला." ते थोडे हसले. "पडदा खराब झालाय डोळ्याचा. डॉक्टर म्हणला, गेलेलं वापस येत न्हाई. सावल्या दिसतात. रस्ता सवयीचा हाय, चुकत न्हाई. अक्षर न्हाई दिसत."

मी भांडले. "मंग मला आधी सांगायचं न्हाई का? मी अर्धं वाचून राह्यली होती इतके दिवस."

"डोळे असते तर मीबी तुझ्यासारखंच पहिलं आन् शेवटलं वाचून मोकळा झालो असतो," सर म्हणाले. "दिसत न्हाई म्हणून तर सगळं ऐकावं लागतं." मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, "गावात बोलू नको. अक्षर दिसत न्हाई अशा माणसाकडं मशीन कोण आणंल? अन् मशीन आलं न्हाई तर मी दिवसभर काय करू?"

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली. त्यांना मान हलवलेली दिसत नाही हे लक्षात आल्यावर मी तोंडाने म्हणाले, "न्हाई बोलणार."

त्या संध्याकाळी सातपर्यंत चित्र पुरं झालं. मी मामांच्या नियमाप्रमाणे मेन स्विच बंद केला, आणि शुक्रवारी सकाळी काळी पाटी आली नाही. शेठ आले, भाऊ आले, शेठच्या आई आल्या. भावांनी जिना, पार्किंग, दुकानाचं शटर असं सगळं पाहिलं. आई मात्र एवढंच म्हणाल्या, "बेटा, माझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते दाखव." मी कॉम्प्युटरवर त्यांच्या खोलीत शिरले, खिडकीशी गेले. शेठच्या जागेची मी आधी मापं आणि फोटो घेतले होते, त्यामुळे बाहेर खरीखुरी गोदावरी होती. आई बराच वेळ बघत बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "दसऱ्याचं सांगून टाक गुरुजींना." 

सर बाहेर बाकावर बसले होते, तोंड रस्त्याकडे. शेठ जाताना त्यांच्यापाशी थांबले, नमस्कार केला आणि त्यांचा हात धरून अगदी सहज म्हणाले, "चला सर, तुम्हाला घरापर्यंत सोडतो. जरा बघून, इथे पायरी आहे."

मी दारात थबकले. त्या पायरीवरून सर माझ्यासमोर शंभरदा उतरले होते. मग मी बघायला लागले, आणि पुढच्या काही दिवसांत मला जे दिसलं त्याने माझ्या शपथेची पार शोभा झाली. चहावाला सरांपुढे कप ठेवताना टेबलावर दोनदा बोट वाजवायचा. पंक्चरवाला त्यांना येताना बघून जॅक आणि पाने रस्त्यातून बाजूला करायचा. ट्रॅक्टरच्या दुकानातला मालक "गडदे सर, नमस्कार, मी अमुक" असं रोज नाव घेऊन बोलायचा, आणि मी इतके दिवस त्याला आगाऊ समजत होते. हद्द म्हणजे मामा. एक दिवस मामा मला आत बोलावून म्हणाले, "सर येतात तेव्हा तुझी ती खुर्ची रोज एकाच जागी ठेवत जा. का ते विचारू नको. कुणाला सांगू बी नको." अख्खं गाव एकच गुपित एकमेकांपासून लपवत होतं.

न राहवून मी सरांना सांगितलंच. "सर, तुमचं सगळ्यांना ठाऊक हाय."

"मला ठाऊक हाय, त्यांना ठाऊक हाय ते," सर म्हणाले. "पण तू त्यांना सांगू नको. आपण सांभाळून राह्यलो म्हणून त्यांना बरं वाटतं."

दसऱ्याला शेठचं भूमिपूजन झालं. घरी येऊन मामा जेवायला बसले आणि ताटाकडे बघत दिराला म्हणाले, "खताचं दुकान शेतातल्या शेडात टाक. हायवेला धूळ लई." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी त्यांना गरम भाकरी वाढली, आणि एक जास्तीची वाढली. आज त्या गाळ्यावर माझ्या नावाची पाटी आहे आणि शेठच्या आई त्यांच्या खिडकीत बसतात.

गेल्या वर्षी सरांची मुलगी त्यांना जालन्याला घेऊन गेली. सावल्याही आता कमी झाल्या आहेत. निघायच्या दिवशी ते गाळ्यात आले, उलट्या खुर्चीवर थोडा वेळ बसले आणि ती दोनशे पानी वही मागून घेतली. मला वाटलं, बरोबर नेणार. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, किती भरली ते अंगठ्याने चाचपलं आणि मला परत दिली. "पुढची पानं कोरी हायेत ना? भर," म्हणाले. मी त्या दिवशी रडले, आणि सरांना ते ऐकू गेलं, कारण त्यांना सगळंच ऐकू जातं.

आता माझ्याकडेही लोक कॉम्प्युटर घेऊन येतात. माझे डोळे चांगले आहेत, तरी मी खुर्ची फिरवते, हायवेकडे तोंड करून बसते आणि म्हणते, "काय समजलं ते नको, काय लिहिलंय ते वाचा." लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहे.

मागच्या महिन्यात एका अपडेटनंतर माझा ड्रायव्हर पुन्हा गेला. मी सरांना फोन लावला, फोन स्पीकरवर टेबलाला टेकवून ठेवला आणि वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तारखा आणि आकड्यांसकट. पंधराव्या ओळीला मला दुखणं सापडलं. अपडेटबरोबर आलेल्या नव्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर तयारच झाला नव्हता, त्याला लागणारी एक फाइल आलेली नव्हती. उपाय मला माहीत होता. मी तरी थांबले नाही, सोळावी वाचली, सतरावी वाचली. पलीकडे सरांचा श्वास ऐकू येत होता.

"सापडलं ना तुला?" मध्येच ते म्हणाले. "तुझ्या आवाजावरून कळलं मला. मंग कशाला वाचून राह्यली?"

"सर, अजून तेवीस ओळी हायेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर नीट बसले असावेत.

"वाच मंग," ते म्हणाले.